सेंद्रिय मालावर चेकऑफची कपात का होते आणि ती कशी थांबवायची: अमेरिकेत नव्याने शेती किंवा आयात करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला चेकबरोबर हिशोबाचा एक कागद येतो. दर, फॅट, प्रोटीन, वाहतूक असं सगळं झाल्यावर कपातीच्या रकान्यात एक बारीकशी ओळ असते: प्रमोशन, दर शंभर पौंड दुधामागे १५ सेंट. नवा माणूस ती वाचतो आणि पुढे जातो. चाळीस गाई आणि गाईमागे रोज ५० पौंड दूध धरा. दिवसाला २,००० पौंड दूध, म्हणजे ३ डॉलर. वर्षाचे झाले १,०९५ डॉलर. गोठा प्रमाणित सेंद्रिय असेल तर या पैशांची सूट कायद्यानेच दिलेली आहे. मात्र ती मागावी लागते, योग्य माणसापर्यंत पोचवावी लागते आणि दर वर्षी पुन्हा मागावी लागते. या तीनपैकी एक जरी राहिलं तरी कपात सुरूच राहते आणि कोणी फोन करून सांगत नाही.

ही वर्गणी कसली?

दूध, गोमांस, सोयाबीन, कापूस, अंडी, बटाटे, मध, कलिंगड, मशरूम, ब्लूबेरी, आंबा अशा अनेक मालांसाठी अमेरिकेत एकेक राष्ट्रीय बोर्ड आहे. त्या मालाचे उत्पादक, पहिले हाताळणारे किंवा आयातदार यांच्याकडून बोर्ड ठरलेल्या दराने पैसे गोळा करतं आणि ते जाहिरात, संशोधन, ग्राहक-शिक्षण यांवर खर्च करतं. बोलीभाषेत याला चेकऑफ म्हणतात. देखरेख अमेरिकी कृषी खात्याची, म्हणजे यूएसडीएची. त्यातही अ‍ॅग्रिकल्चरल मार्केटिंग सर्व्हिस या विभागाची. या लेखात त्याला एएमएस म्हटलं आहे.

गणपतीची वर्गणी नाही दिली तर फार तर शेजारी नाराज होतो. ही वर्गणी कायद्याची आहे. ‘मला ही जाहिरात पटत नाही, मी देणार नाही’ हा मार्ग न्यायालयात चालून पाहिलेला आहे. २००१ मध्ये मशरूमच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्ती अवैध ठरवली होती. पण २००५ मध्ये गोमांसाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ही जाहिरात म्हणजे सरकारचंच बोलणं आहे असं मानून सक्ती कायम ठेवली. तेव्हा न भरता बसून राहू नका. सेंद्रियवाल्यांसाठी सरळ आणि लेखी रस्ता उपलब्ध आहे, तो धरा.

तो रस्ता का निघाला, हे समजून घेतलं की पुढचे नियम लक्षात राहतात. बोर्डाची जाहिरात मालाची असते, कोणा एका पद्धतीची नव्हे. ‘दूध प्या’ म्हणता येतं. ‘सेंद्रिय दूध इतरांपेक्षा चांगलं’ म्हणता येत नाही, कारण दुसऱ्याच्या मालाला कमी लेखणारी जाहिरात या पैशांतून करायला मनाई आहे. सेंद्रिय शेतकऱ्याचा सगळा बाजारच वेगळेपणावर उभा असतो. आपला माल सगळ्यांसारखाच आहे असं सांगणाऱ्या जाहिरातीसाठी त्याने पैसे का द्यावेत, ही तक्रार रास्त होती. २००२ च्या फार्म बिलात, म्हणजे केंद्राच्या शेतीविषयक मोठ्या कायद्यात, पहिली सूट आली, पण ती फक्त पूर्णपणे, शंभर टक्के सेंद्रिय उत्पादन आणि विक्री करणाऱ्यांना. २०१४ च्या फार्म बिलाने ती रुंद केली. एएमएसचे नवे नियम ३१ डिसेंबर २०१५ ला प्रसिद्ध झाले आणि २९ फेब्रुवारी २०१६ पासून लागू झाले. त्याआधीची माहितीपत्रकं अजून फिरत असतात आणि त्यांत ‘थोडीही पारंपरिक शेती असेल तर सूट नाही’ असं लिहिलेलं असतं. ते आता लागू नाही.

सेंद्रिय मालाचं स्वतःचं चेकऑफ असावं, असाही प्रस्ताव होता. २०१५ मध्ये सेंद्रिय व्यापाऱ्यांच्या संघटनेने मागणी केली, जानेवारी २०१७ मध्ये यूएसडीएने मसुदा काढला आणि मे २०१८ मध्ये मागे घेतला. त्यामुळे ‘सेंद्रिय बोर्ड’ नावाची कुठली वर्गणी तुमच्याकडे येणार नाही.

पायरी १: आधी वर्गणी लागू होते का ते बघा

अनेक छोट्या शेतकऱ्यांना सेंद्रिय सुटीची गरजच नसते, कारण ते आकारानेच बाहेर असतात. अंड्यांत ७५,००० पेक्षा कमी अंडी देणाऱ्या कोंबड्या असतील तर वर्गणी नाही. ब्लूबेरीत वर्षाला २,००० पौंडांच्या आत असाल तर नाही. बटाट्यात पाच एकरांपेक्षा कमी लागवड असेल तर नाही. मशरूममध्ये ही मर्यादा ५,००,००० पौंडांची आहे, म्हणजे घरामागच्या शेडमध्ये मशरूम करणाऱ्याने काळजी करायचं कारण नाही.

दूध आणि गुरं यांत मात्र अशी खालची मर्यादा नाही. दहा गाईंचा गोठाही १५ सेंट देतो. गुरांसाठी दर आहे जनावरामागे १ डॉलर, आणि तोही प्रत्येक विक्रीला. वासरू एकाने विकलं, दुसऱ्याने वाढवून पुन्हा विकलं, तर दोनदा एकेक डॉलर कापला जातो.

सोयाबीनचा हिशोब वेगळा. तिथे दर वजनावर नसून निव्वळ बाजारभावाच्या अर्धा टक्का आहे. सेंद्रिय सोयाबीनला भाव चढा मिळतो, म्हणून वर्गणीही चढते. समजा १०० एकरांत ४,००० बुशेल (धान्याचं अमेरिकी माप) झालं आणि बुशेलला २० डॉलर मिळाले: ८०,००० डॉलरवर ४०० डॉलर. शेजाऱ्याने तेवढंच पारंपरिक पीक १० डॉलरने विकलं तर त्याचे २०० च जातील. टक्केवारीने वर्गणी असलेल्या मालात सेंद्रिय शेतकऱ्याने सुटीचा अर्ज टाळणं म्हणजे दुप्पट नुकसान.

दर आणि मर्यादा बोर्ड अधूनमधून बदलतात. अर्जाच्या वर्षाचा आकडा बोर्डाकडूनच घ्या.

पायरी २: सेंद्रिय प्रमाणपत्र हातात हवं

सूट मिळते ती यूएसडीएच्या नॅशनल ऑरगॅनिक प्रोग्रॅमखाली वैध प्रमाणपत्र असलेल्यांना. इथे तीन ठिकाणी नवी माणसं अडखळतात.

एक, ५,००० डॉलरची सवलत. ज्यांची वर्षाची एकूण सेंद्रिय विक्री ५,००० डॉलर किंवा त्याखाली आहे, त्यांनी नियम पाळले तर प्रमाणपत्राशिवायही माल सेंद्रिय म्हणून विकता येतो. पण ही सवलत प्रमाणपत्रापुरती आहे. चेकऑफच्या अर्जाला प्रमाणपत्राची प्रत जोडावीच लागते. ती नसेल तर अर्ज परत.

दोन, संक्रमणाचा काळ. जमिनीवर निषिद्ध खत किंवा औषध शेवटचं पडल्यापासून कापणीपर्यंत ३६ महिने जावे लागतात. या काळात तुम्ही सगळं सेंद्रिय पद्धतीने करता, खर्चही तेवढाच, भाव मात्र पारंपरिक. वर्गणीही पूर्ण भरावी लागते. अन्याय वाटतो आणि तो आहेही, पण नियमात यावर काही तोड नाही. पहिल्या तीन वर्षांच्या खर्चात ही रक्कम धरूनच ठेवा.

तीन, लेबलाची पातळी. ‘शंभर टक्के सेंद्रिय’ आणि ‘सेंद्रिय’ (म्हणजे किमान ९५ टक्के सेंद्रिय घटक) या दोनच पातळ्या सुटीला पात्र आहेत. ‘सेंद्रिय घटकांपासून बनवलेले’ ही ७० टक्क्यांची पातळी पात्र नाही. कच्चा माल विकणाऱ्याला याने फरक पडत नाही; प्रक्रिया करणाऱ्याने मात्र आपल्या प्रमाणपत्रावर उत्पादनासमोर काय लिहिलंय ते नीट वाचावं.

प्रमाणपत्राबद्दल आणखी एक. अमेरिकेत सेंद्रिय प्रमाणपत्राला संपण्याची तारीख नसते. ते परत केलं, निलंबित झालं किंवा रद्द झालं तरच थांबतं; दर वर्षी नूतनीकरणाचं काम आणि तपासणी चालू असते. म्हणून लोक पाच वर्षांपूर्वीची प्रत काढून जोडतात. तसं करू नका. यूएसडीएच्या ऑरगॅनिक इंटिग्रिटी डेटाबेसमध्ये आपलं नाव शोधा, स्थिती ‘प्रमाणित’ दिसते का बघा, अर्जाचा माल तिथे यादीत आहे का बघा आणि ताजी प्रत उतरवून घ्या. बोर्डाचा माणूसही तिथेच तपासणार आहे.

पायरी ३: योग्य बोर्ड, आणि कदाचित एकापेक्षा जास्त

अर्ज यूएसडीएकडे जात नाही. त्या मालाच्या बोर्डाकडे जातो. सेंद्रिय प्रमाणपत्र देणारी संस्थाही तो पुढे पाठवत नाही. ‘माझं सर्टिफिकेशन झालं म्हणजे सगळीकडे कळलं असेल’ हा सर्वांत महागात पडणारा समज आहे.

माल जितके, अर्ज तितके. दुधाच्या गोठ्याचंच घ्या. दुधासाठी डेअरी बोर्डाकडे अर्ज करता, पण त्याच गोठ्यातून गोऱ्हे आणि भाकड गाई बाजारात जातात आणि तिथे जनावरामागे १ डॉलर कापला जातो. तो गोमांसाच्या बोर्डाचा विषय आहे. म्हणजे दुसरा अर्ज.

आणि इथे एक बारकावा आहे जो दूधवाल्यांना हमखास चकवतो. सेंद्रिय मांसासाठी जनावर गाभण्याच्या शेवटच्या तिसऱ्या टप्प्यापासून, म्हणजे जन्माआधीपासून, सलग सेंद्रिय व्यवस्थापनात असावं लागतं. पारंपरिक कळप एक वर्ष सेंद्रियात आणून दूध सेंद्रिय करता येतं. ती गाय कत्तलीसाठी मात्र कधीच सेंद्रिय होत नाही. सूट प्रमाणित सेंद्रिय मालालाच आहे, त्यामुळे संक्रमणातून आलेल्या त्या गाई विकताना १ डॉलर द्यावाच लागतो. तुमच्या गोठ्यात सेंद्रिय आईच्या पोटी जन्मलेली जनावरं वेगळी आणि संक्रमित जनावरं वेगळी. कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकाने दोन याद्या पहिल्या दिवसापासून ठेवा. चार वर्षांनी आठवणीवर विसंबून यादी जमत नाही.

पायरी ४: फॉर्म एएमएस-१५

सुटीचा अर्ज म्हणजे फॉर्म एएमएस-१५. तो बोर्डाकडे मिळतो. मजकूर थोडा आहे: पूर्ण नाव, कंपनीचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, आपल्याकडे वैध सेंद्रिय प्रमाणपत्र असल्याचं प्रतिज्ञापूर्वक कथन, आपला माल ‘सेंद्रिय’ किंवा ‘शंभर टक्के सेंद्रिय’ लेबलाला पात्र असल्याचं कथन, सही आणि तारीख. सोबत यूएसडीए-मान्यताप्राप्त संस्थेने दिलेल्या प्रमाणपत्राची प्रत.

एवढा साधा अर्ज अडतो तो बहुधा नावापाशी. सेंद्रिय प्रमाणपत्र एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर, दुधाचा करार नवऱ्याच्या नावावर आणि चेक दोघांच्या संयुक्त खात्यावर, असं आपल्याकडे सहज होतं. बोर्डाने एलएलसीच्या नावाने सूट दिली तर दूध खरेदीदाराच्या यादीत ते नावच नसतं आणि कपात चालू राहते. अर्ज भरण्याआधी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव एकच करून घ्या. बदल करायचा तर दुधाच्या करारात करा. प्रमाणपत्रात नाव बदलायला वेळ जास्त जातो.

पहिला अर्ज वर्षात केव्हाही करता येतो. बोर्डाला निर्णयासाठी ३० दिवस असतात. नाकारला तर त्याच मुदतीत कारण कळवावं लागतं. मंजूर झाला की बोर्ड सूट प्रमाणपत्र देतं.

सूट त्या प्रमाणपत्रापासून पुढे लागू होते. मागच्या महिन्यांत कापलेले पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे सेंद्रिय प्रमाणपत्र मार्चमध्ये आलं आणि तुम्ही अर्ज सप्टेंबरमध्ये केला, तर मधल्या सहा महिन्यांची वर्गणी गेली. वरच्या चाळीस गाईंच्या गोठ्याला हे जवळपास ५५० डॉलर पडतात. म्हणून एएमएस-१५ आधीच भरून ठेवा आणि सेंद्रिय प्रमाणपत्राची प्रत हातात पडेल त्याच दिवशी पाठवा.

पायरी ५: पैसे कापणाऱ्याला कागद द्या

हीच पायरी बहुतेकांची राहते. पैसे बोर्ड स्वतः कापत नाही. दुधात खरेदीदार किंवा सहकारी संस्था कापते. गुरांत बाजार चालवणारा किंवा खरेदीदार. सोयाबीनमध्ये पहिला खरेदीदार, म्हणजे बहुतेक वेळा एलिव्हेटर (धान्य विकत घेऊन साठवणारं कोठार). बोर्डाने तुम्हाला सूट दिली हे या माणसाला आपोआप कळत नाही. सूट प्रमाणपत्राची प्रत त्याला देणं तुमचं काम. तुमचं नाव, पत्ता आणि बोर्डाने दिलेला सुटीचा क्रमांक आपल्या दप्तरात ठेवणं हे त्याचं काम.

चार ठिकाणी माल विकत असाल तर चार प्रती. गुरं बाजारात नेताना प्रत ट्रकच्या डॅशबोर्डात ठेवा, कारण खिडकीवरचा माणूस दर वेळी तोच असेल असं नाही. कागद दिल्यानंतरच्या पहिल्याच हिशोबात ‘प्रमोशन’ची ओळ गेली का ते बघा. गेली नसेल तर लगेच लेखी कळवा: सुटीचा क्रमांक, त्याची तारीख आणि कपात झालेल्या हिशोबाची प्रत या तीन गोष्टी एका ईमेलमध्ये. सूट लागू झाल्यानंतर चुकून कापलेला पैसा मागायला या तीन गोष्टी पुरतात. तोंडी बोलण्यावर काही ठेवू नका.

पायरी ६: दर वर्षी

सूट एकदा मिळाली की कायमची, असं नाही. पात्रता आहे तोवर दर वर्षी, बोर्डाचं आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या आत, पुन्हा अर्ज करायचा. अडचण अशी की बोर्डांची वर्षं सारखी नाहीत: कोणाचं जानेवारीत सुरू होतं, कोणाचं शरद ऋतूत. दोन-तीन बोर्डांशी संबंध असेल तर पहिल्या मंजुरीच्या पत्राबरोबरच पुढची तारीख विचारून घ्या आणि त्याच्या दीड महिना आधीची आठवण फोनमध्ये लावा. ३० दिवस बोर्डाचे, उरलेले पंधरा तुमच्या चुका दुरुस्त करायला.

पहिल्या वर्षी सगळे अर्ज करतात. गळती दुसऱ्या वर्षी लागते, आणि ती उन्हाळ्यात कधीतरी हिशोब तपासताना कळते.

थोडी सेंद्रिय, थोडी पारंपरिक शेती असेल तर

२०१६ नंतरची मोठी सोय ही. त्याच पिकाचा एक भाग सेंद्रिय आणि दुसरा पारंपरिक असला तरी सेंद्रिय भागाला सूट मिळते. पारंपरिक भागाची वर्गणी भरायची. सोयाबीनच्या १०० एकरांपैकी ४० प्रमाणित असतील तर ४० एकरांच्या पिकाला सूट.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात सगळं वजनकाट्याच्या पावतीवर येऊन थांबतं. पावतीवर शेताचा क्रमांक, लॉट आणि सेंद्रिय की पारंपरिक हे लिहिलेलं नसेल तर खरेदीदार सगळ्यावर वर्गणी कापतो, आणि त्याचं चुकतही नाही. कापणीच्या हंगामात हार्वेस्टर चालवणाऱ्याला हे समजावून सांगा: आधी सेंद्रिय शेत, मग पारंपरिक, उलट केलं तर मधे यंत्र आतून साफ करून त्याची नोंद ठेवावी लागते. हे नियम सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी पाळतच असता. वर्गणीच्या सुटीलाही तेच कागद उपयोगी पडतात. वेगळी फाइल करायची गरज नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर पुढे किमान दोन वर्षं हे कागद जपा. सेंद्रिय नियमाप्रमाणे तर पाच वर्षं जपावेच लागतात, तेव्हा पाच धरा.

सेंद्रिय पीक सेंद्रिय म्हणून विकलंच गेलं नाही, गिऱ्हाईक न मिळाल्याने साध्या बाजारात गेलं, तर? अशा मालाबद्दल विक्रीआधी बोर्डाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. हिशोबाच्या कागदावर ‘सेंद्रिय’ शब्द नसेल तर नंतर सिद्ध करणं जड जातं.

मार्केटिंग ऑर्डर आणि राज्याची वर्गणी

कॅलिफोर्नियात बदाम किंवा अक्रोडाच्या धंद्यात उतरलात तर ‘मार्केटिंग ऑर्डर’ नावाची वेगळी व्यवस्था भेटेल. ती १९३७ च्या कायद्यावर चालते आणि पैसे शेतकऱ्याकडून नाही, माल हाताळणाऱ्याकडून, म्हणजे हँडलरकडून घेते. सेंद्रिय सूट इथेही आहे, पण अर्धवट: फक्त जाहिरात आणि बाजारप्रसाराच्या वाट्यापुरती. संशोधन, दर्जा-तपासणी, कार्यालयाचा खर्च यांचा वाटा भरावाच लागतो. प्रसारावर किती टक्के खर्च होणार हे समिती दर वर्षीच्या अंदाजपत्रकात ठरवते, आणि तेवढा हिस्सा तुमच्या दरातून वजा होतो. शेतकरी स्वतःच माल फोडून, पॅक करून विकत असेल तर तोच हँडलर ठरतो, हे लक्षात असू द्या.

राज्यांच्या स्वतःच्या कायद्यांनी लावलेल्या वर्गण्या याहून वेगळ्या. केंद्राची सूट त्यांना लागू होत नाही. हिशोबात दोन ओळी दिसत असतील तर कोणती कुठली हे खरेदीदाराला विचारा आणि राज्याच्या नियमात सेंद्रिय सूट आहे का ते त्या राज्याच्या कृषी खात्याला विचारा.

आयातदारांसाठी, आणि हापूसवाल्यांसाठी खास

आयातदाराची वर्गणी अमेरिकेच्या कस्टम्समध्येच, माल उतरतानाच घेतली जाते. सेंद्रिय सुटीचा अर्ज आणि कागद शेतकऱ्यासारखेच. फरक परताव्यात आहे. तुमच्या मालाला अमेरिकी टॅरिफ यादीत वेगळा ‘सेंद्रिय’ क्रमांक असेल आणि कस्टम्सने तरीही पैसे घेतले, तर ते हातात आल्यावर बोर्डाने सूटधारक आयातदाराला परत द्यायचे असतात. तसा क्रमांक नसेल तर परताव्याचा अर्ज तुम्हीच करायचा आणि त्याच सेंद्रिय मालावर पैसे भरल्याचा पुरावा जोडायचा. म्हणून कस्टम्स ब्रोकरला पहिलं वाक्य हेच सांगा: सेंद्रिय क्रमांक असेल तर तोच टाका.

भारतातून येणाऱ्या मालात मध हे याचं चांगलं उदाहरण. मधाची वर्गणी पौंडाला दीड सेंट. सुमारे १९ टनांच्या एका कंटेनरला, म्हणजे जवळपास ४२,००० पौंडांना, ६३० डॉलरच्या आसपास. वर्षाला २,५०,००० पौंडांच्या आत आयात करणाऱ्याला आकाराचीच सूट आहे. तेवढ्यात सहा कंटेनरही पूर्ण बसत नाहीत. त्यापुढे गेलात की सेंद्रिय सूट उपयोगाची.

पण भारतातला सेंद्रिय कागद इथे जसाच्या तसा चालत नाही. अपेडा या भारत सरकारच्या कृषी-निर्यात संस्थेच्या देखरेखीखालचं भारतीय प्रमाणीकरण अमेरिकेने मान्य करण्याची व्यवस्था जानेवारी २०२१ मध्ये यूएसडीएने संपवली आणि त्या व्यवस्थेखाली आधीच प्रमाणित असलेल्यांना बदल करायला जुलै २०२२ पर्यंत मुदत दिली. त्यानंतर भारतातल्या शेतकरी गटाला आणि प्रक्रिया केंद्राला यूएसडीए-मान्य संस्थेचं थेट प्रमाणपत्र लागतं. शिवाय १९ मार्च २०२४ पासून प्रत्येक सेंद्रिय खेपेबरोबर कस्टम्सच्या संगणकात नॅशनल ऑरगॅनिक प्रोग्रॅमचं इम्पोर्ट सर्टिफिकेट नोंदलेलं असावं लागतं. ते नसेल तर माल सेंद्रिय म्हणून विकताच येत नाही, मग वर्गणीच्या सुटीचा प्रश्नच उरत नाही. पुण्याच्या किंवा नाशिकच्या निर्यातदाराने ‘आमच्याकडे एनपीओपी (भारताचं सेंद्रिय प्रमाणपत्र) आहे’ असं सांगितलं, तर पुढचा प्रश्न विचारा: यूएसडीएचं आहे का?

आता हापूस. ताज्या आंब्याच्या बोर्डाची वर्गणी पौंडाला पाऊण सेंट, आणि वर्षाला ५,००,००० पौंडांखाली असलेला आयातदार बाहेर. साडेतीन किलोची पेटी धरली तर ही मर्यादा सुमारे ६५,००० पेट्यांची होते. पेटीमागे वर्गणी जेमतेम सहा सेंट. रत्नागिरी-देवगडचा माल हंगामापुरता आणणारे बहुतेक जण या मर्यादेच्या आतच असतात. तरीही कोकणातल्या सेंद्रिय बागेचा हापूस आणून एएमएस-१५ भरायचा विचार करणाऱ्यांनी इथे थांबावं.

भारतीय आंबा २००७ पासून अमेरिकेत येतो तो विकिरण करून, म्हणजे फळावर किरणांचा मारा करून. फळातल्या किडीसाठी किमान ४०० ग्रे इतकी मात्रा द्यावी लागते. वाशी आणि लासलगावला त्यासाठी केंद्रं आहेत. आणि अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात आयनीकारक विकिरण निषिद्ध आहे. बाग कितीही शुद्ध सेंद्रिय असो, शेण, गांडूळखत आणि दशपर्णी अर्काशिवाय झाडाला काही लागलं नसो. पेटी विकिरण केंद्रातून बाहेर पडली की तो आंबा अमेरिकेच्या हिशोबात सेंद्रिय राहत नाही. तसं लेबल लावून विकणं बेकायदेशीर आहे आणि त्या फळावर सेंद्रिय सूट मागणं म्हणजे खोट्या कथनावर सही करणं. अमेरिकी दुकानांत जो सेंद्रिय ताजा आंबा दिसतो तो मेक्सिको, पेरू, इक्वेडोरसारख्या देशांतला, जिथे गरम पाण्याची प्रक्रिया चालते: ४६.१ अंश सेल्सिअस, फळाच्या आकारानुसार ६५ ते ११० मिनिटं. सेंद्रिय नियमाला गरम पाण्याची हरकत नाही.

तेव्हा ताजा हापूस ‘विकिरणित, भारतीय’ म्हणून आणा, नावावर विका आणि सेंद्रिय शब्द बागेच्या माहितीतही वापरू नका. सेंद्रिय म्हणूनच विकायचं असेल तर गर आणा. डबाबंद गराला विकिरण लागत नाही आणि आंब्याच्या बोर्डाची वर्गणी ताज्या फळावर आहे. बागा आणि कॅनिंगचा कारखाना दोन्ही यूएसडीए-मान्य संस्थेकडून प्रमाणित करून घ्यावे लागतात. कारखान्यात त्याच यंत्रावर पारंपरिक तोतापुरीही चालत असेल, तर सेंद्रिय हापूसच्या आधी यंत्र धुतल्याची नोंद आणि बॅच क्रमांक मागून घ्या. इम्पोर्ट सर्टिफिकेट देताना प्रमाणपत्र देणारी संस्था तेच विचारते.